नवा कोच आणि अण्णांचं ‘बरं बरं’

आमच्या मंडळाच्या मुलींच्या कबड्डी संघाचा आधीचा कोच माझ्या वडिलांनी घालवला, असं पंचवटीत अजूनही बोललं जातं. त्यात थोडं तिखटमीठ आहे, पण फार नाही. मैदानाच्या कडेला दगडी पायऱ्या आहेत, तिथं रोज संध्याकाळी बसणारी सगळीच मंडळी त्या कोचवर वैतागलेली होती. मात्र भर सामन्यात उठून, "अहो, तुम्ही खाली बसा आणि पोरींना त्यांचं त्यांचं खेळू द्या!" असं ओरडले ते अण्णाच. गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीच्या घाटावरच्या, गर्दीत यजमानाला ऐकू जाईल असा संकल्प सांगून सांगून कमावलेला आवाज तो. पलीकडच्या रस्त्यावरचे रिक्षावालेसुद्धा वळून बघायला लागले. पुढच्या आठवड्यापासून तो कोच आला नाही.

संघाचे दिवस वाईट होते. माझ्या लहानपणी याच संघाचा जिल्ह्यात दबदबा होता. मी शाळेतून परस्पर पायऱ्यांवरच जायचे, कारण अण्णा तिथंच सापडायचे. सकाळी गंगेवरची कामं, मग जेवण, थोडी झोप, आणि ऊन उतरलं की मैदान. आई चिडली की म्हणायची, "उद्यापासून तुमचं ताट तिकडेच पाठवते." पुढे जुने सर थकले आणि मुलाकडे पुण्याला राहायला गेले. चांगल्या खेळाडू कुणी नोकरीत, कुणी सासरी अशा पांगल्या, आणि संघ हरायला लागला. हरायचीही सवय लागते, तशी ती मुलींना लागली. पायऱ्यांना मात्र लागली नाही. नवा कोच आला की महिन्याभरात जुने दिवस परत यावेत अशी त्यांची अपेक्षा असायची. येत नसत. मग कुजबुज सुरू व्हायची आणि कुजबुजीला तोंड फोडायचं काम अण्णांकडे असायचं.

कोच गेला त्या उन्हाळ्यातच अण्णांना अर्धांगाचा झटका आला. सकाळची वेळ होती. इंदूरकडचं एक कुटुंब अस्थी घेऊन आलं होतं. अण्णा संकल्प सांगत होते आणि मधेच त्यांचे शब्द विरघळल्यासारखे झाले. समोरच्या मुलाला वाटलं मंत्रच तसा असेल, म्हणून तो बिचारा तसंच म्हणत राहिला. शेजारच्या गुरुजींच्या लक्षात आलं, त्यांनी अण्णांना धरलं, म्हणून ते पाण्यात पडले नाहीत.

जीव वाचला. उजवा पाय थोडा ओढत चालायला लागले, उजव्या हातातला जोर गेला. आणि बोलणं गेलं. समजायचं सगळं; पेपर समोर धरला की डोळे ओळीवरून फिरायचे. पण तोंडातून फक्त एक गोष्ट यायची, "बरं बरं." पाणी हवं असलं तरी बरं बरं, पंखा नको असला तरी बरं बरं. ज्या माणसाला आयुष्यात कुठलीच गोष्ट पहिल्या झटक्यात पटली नव्हती, त्याच्याकडे देवाने नेमका हा एवढाच शब्द शिल्लक ठेवावा! आई असती तर हसली असती, आणि मग पदराने डोळे पुसले असते.

एके पहाटे मी चहा टाकत होते आणि आतल्या खोलीतून स्पष्ट, खणखणीत संध्या ऐकू आली. मी चहा तसाच सोडून धावले. अण्णा पलंगावर मांडी घालून विष्णूची चोवीस नावं म्हणत होते, एकही अक्षर न अडखळता. मी आनंदाने ओरडले, "अण्णा, बोलता येतंय!" त्यांनी माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं, खूप जोर लावला आणि म्हणाले, "बरं बरं." मग डाव्या हाताने उशी भिरकावून दिली.

स्पीच थेरपिस्ट एक तरुण मुलगी होती. तिने मला समजावलं की पाठ झालेल्या गोष्टी मेंदूत वेगळ्या वाटेने येतात, आपलं मनातलं बोलणं वेगळ्या वाटेने. ती दुसरी वाट बुजली आहे, हळूहळू मोकळी होईल. "फक्त एक करा ताई," ती म्हणाली, "त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. कितीही वेळ लागला तरी थांबा." मी मान डोलावली. सकाळी साडेनऊची ऑफिसची घाई असताना हे किती अवघड असतं, ते पुढे कळलं.

पावसाळा संपता संपता मी त्यांना पुन्हा मैदानावर न्यायला सुरुवात केली. ऑफिसातून येऊन रिक्षा करायची, पायऱ्यांवर उशी ठेवायची, त्यांना बसवायचं आणि शेजारी मोबाइल बघत बसायचं. पायऱ्यांवरच्या मंडळींना भरून आलं. पोस्टातून निवृत्त झालेले एक काका होते, ते वाकून मोठ्याने म्हणाले, "काय गुरुजी! जेवलात का? छान, छान!" ज्यांच्याशी अण्णा वर्षानुवर्षं हमरीतुमरीवर यायचे, ते आता त्यांच्याशी बाळाशी बोलावं तसं बोलत होते. अण्णांनी मान दुसरीकडे फिरवली.

नवा कोच त्याच सुमारास आला होता. पस्तिशीचा, नामपूरकडचा, घरी कांद्याची शेती. दिवसा एका शाळेत खेळाचा शिक्षक, संध्याकाळी आमच्याकडे. आपल्याशी बोलताना शुद्ध बोलायचा, पण मुली चुकल्या की तोंडातून अहिराणी सुटायची, "हाई काय शे?" म्हणजे, हे काय आहे? मुली त्याच्या पाठीमागे नक्कल करायच्या. त्याला ते माहीत होतं आणि त्याचं त्याला काही वाटत नव्हतं.

पायऱ्यांचं मत पहिल्याच पंधरवड्यात बिघडलं. एक तर त्याने सरावातल्या चढाया जवळजवळ बंद केल्या आणि मुलींना नुसतं पुढेमागे सरकायला लावलं, हातात हात धरून, साखळी न तोडता. दुसरं म्हणजे, संघातली एकमेव जोरदार चढाई करणारी मुलगी, जिच्यामुळे लाज राखण्यापुरते तरी गुण मिळायचे, तिला त्याने कोपऱ्यात, बचावाला उभं केलं. आणि चढाईला पाठवलं कुणाला, तर मखमलाबादकडच्या झेंडूवाल्या मामांच्या भाचीला, जी मध्यरेषा ओलांडतानाही मागे वळून बघायची. मामा रोज मार्केटमध्ये फुलं देऊन पायऱ्यांवर यायचे. तेसुद्धा म्हणाले, "माझी भाची असली म्हणून काय झालं, तिला नाय जमायचं ते. उगाच पोरीचं हसं होतंय."

पहिल्या सामन्यात मुली सपाटून हरल्या. दोनदा लोण बसला, म्हणजे सगळ्याच्या सगळ्या बाद. दुसऱ्या सामन्यात पुन्हा तेच. पायऱ्यांवर सूर लागला. पोस्टातले काका अण्णांकडे वळले.

"गुरुजी, तुम्हीच सांगा. याला अजून किती दिवस सहन करायचं?"

अण्णा त्यांच्याकडे बघत होते. डाव्या हाताची मूठ गुडघ्यावर आपटत होती. "बरं बरं!" ते म्हणाले.

काका चकित झाले. "ऐकलं का? गुरुजी म्हणतायत, बरं चाललंय. थोडं थांबू या."

"काका, त्यांना तसं म्हणायचं नाहीये," मी म्हणाले.

"असू दे, असू दे. आजारपणाने माणूस शांत होतो."

मी अण्णांकडे बघितलं. शांत झालेला माणूस असा दिसत नाही. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. पण माझं कुणी ऐकेना. आठवड्याभरात सगळीकडे झालं की गुरुजींचा नव्या कोचला पाठिंबा आहे. ज्यांनी आधीच्याला घालवलं तेच थांबा म्हणतायत म्हटल्यावर बाकीचेही गप्प बसले.

ही गोष्ट कोचच्याही कानावर गेली. एका संध्याकाळी सराव संपल्यावर तो पायऱ्यांपाशी आला, अण्णांच्या पाया पडला आणि खालच्या पायरीवर बसला. "गुरुजी, इथं माझ्या बाजूने तुम्ही एकटेच आहात असं ऐकलं. मला एक हंगाम द्या. नाही जमलं तर मीच जाईन."

"बरं बरं," अण्णा दात आवळून म्हणाले.

त्या माणसाचे डोळे इतके भरून आले की खरं काय ते मला सांगवेना. पण घरी येताना रिक्षात अण्णांची धुसफुस चालूच होती. हात हवेत फिरवत होते, कोपरा दाखवत होते, पुन्हा पुन्हा तेच दोन शब्द म्हणत होते. जेवलेही नाहीत. दुसऱ्या दिवशी मी सराव सुरू व्हायच्या आधीच कोचला गाठलं.

"सर, एक सांगायचं होतं. वाईट वाटून घेऊ नका. अण्णा तुमच्या बाजूने नाहीत."

"म्हणजे?"

"त्यांना दुसरा शब्दच बोलता येत नाही. ते तुमच्यावर जाम चिडलेत. त्या मुलीला कोपऱ्यात लावलीत म्हणून."

मला वाटलं, झालं, एका माणसाचा उरलासुरला आधार मी काढून घेतला. पण तो हसायला लागला. अगदी मनापासून, मान मागे टाकून. मग तसाच पायऱ्या चढून अण्णांच्या समोर उकिडवा बसला.

"गुरुजी, भांडण आहे तर सांगायचं ना! ती कोपऱ्यात नको?"

अण्णांनी जोरात मान हलवली. नको.

"चढाईला हवी?"

हो.

"मग ऐका. ती बाद होऊन बाहेर बसली की बाकीच्या सहाजणी काय करतात, बघितलंय का? तिची वाट बघत उभ्या राहतात. खेळतच नाहीत. ती आत येईपर्यंत नुसत्या उभ्या. मी तिला चढाईवरून काढली नाही गुरुजी, मी बाकीच्यांना कामाला लावलंय. आता बोला."

अण्णांनी तोंड उघडलं. शब्द येईना. माझ्या जिभेवर शब्द तयार होता, पण कोच नुसता बसून होता. घड्याळाकडे बघितलं नाही, मुलींकडे बघितलं नाही. अण्णांच्या तोंडाकडे बघत बसला, जणू त्याला दुसरं काही कामच नव्हतं. मुली मैदानावर गोळा होऊन बघायला लागल्या.

"को... पर..." अण्णा म्हणाले. आणि पुढे फार कष्टाने, "उज... वा."

"उजवा कोपरा? तिला उजव्या कोपऱ्यात लावू म्हणता? डाव्या नाही?"

अण्णांनी मान डोलावली.

"का?"

ते काही सांगता आलं नाही. पण त्यांनी डावा हात पुढे करून घोटा धरल्यासारखं दाखवलं. कोचने विचार केला. "बघतो," म्हणाला. "पटलं तर लावीन. नाही पटलं तर नाही लावणार."

त्या रात्री अण्णा पोटभर जेवले. किती तरी दिवसांनी कुणी तरी त्यांना नाही म्हणालं होतं.

मग ते रोजचंच झालं. सराव संपला की कोच घाम पुसत वर यायचा आणि दोघांचा वाद सुरू व्हायचा. एकाकडे मूठभर तुटके शब्द आणि डावा हात, दुसऱ्याकडे सगळी भाषा, पण तो ती जपून वापरायचा. उजवा कोपरा त्याने चार दिवस करून बघितला आणि कायम ठेवला. दुसऱ्या एका सूचनेला मात्र साफ नकार दिला, आणि अण्णा दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. मला हसू यायचं. न बोलणं हे आता ठरवून करण्यासारखं झालं होतं. मी मोबाइल पर्समध्ये ठेवायला लागले. खेळातलं मला अजूनही फारसं कळत नव्हतं, पण त्या दोघांना बघणं आवडायचं.

थंडी पडायला लागली तेव्हा कोचने दम वाढवायचा सराव सुरू केला. मुलींनी ओळीने मैदानाला फेरी मारायची, एका दमात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत. दम तुटला की थांबायचं. तिसऱ्या-चौथ्या फेरीला माझ्या शेजारी काही तरी पुटपुटल्यासारखं ऐकू आलं. अण्णांचे ओठ हलत होते. मुलींच्या तालावर, न अडखळता, तोच एक शब्द पुन्हा पुन्हा. कोचचंही लक्ष गेलं. त्याने काही गाजावाजा केला नाही. दुसऱ्या दिवशी मुलींना फक्त एवढंच म्हणाला, "आज दम गुरुजींबरोबर धरायचा. ते थांबतील तेव्हा थांबायचं."

आणि अण्णा सुरू झाले. आधी हळू, मग आवाज चढत गेला. गंगेवरचा आवाज. झेंडूवाले मामा डोक्यावरची टोपी काढून हातात घेऊन उभे राहिले, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मुली धापा टाकत एकेक करत थांबल्या. अण्णांचा दम बहुतेकींहून मोठा निघाला. ते थांबले तेव्हा ती भाचीच तेवढी अजून चालत होती.

थेरपिस्टला सांगितलं तर तिने डोळे मोठे केले. "हेही पाठ झालेलंच आहे," ती म्हणाली, "पण चालू ठेवा. आवाज तर मोकळा होतोय."

एवढं सगळं होऊनही संघ हरतच होता. आता कमी फरकाने, पण हरतच होता. दिवाळीनंतरच्या एका पराभवानंतर पायऱ्यांचा धीर सुटला. मंडळाचे अध्यक्ष स्वतः आले. त्यांच्या मनात दुसरा एक माणूस होता. ओझरकडचा, नावाजलेला. कोच मैदानाच्या पलीकडच्या टोकाला आखणीची दोरी गुंडाळत होता. त्याला ऐकू जाणार नाही इतपत आवाजात बोलणं चाललं होतं, पण त्याला सगळं कळत होतं, हे त्याच्या पाठीवरून दिसत होतं.

"गुरुजींना विचारू," पोस्टातले काका म्हणाले. "गुरुजी, नवा माणूस बघू या आता. बरं?"

सगळे अण्णांकडे बघायला लागले. त्यांना उत्तर ठाऊक होतं. त्यांना फक्त ते ऐकायचं होतं.

अण्णांनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मला दिसत होतं, ते दोन शब्द जिभेच्या टोकावर आले होते आणि ते त्यांना मागे ढकलत होते. कपाळावर घाम आला. "गुरुजी थकलेत," कुणी तरी म्हणालं. अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे हो समजायचं का आम्ही?" मी तोंड उघडणार होते. उघडलं नाही. त्यांचा डावा हात हातात घेतला आणि थांबले.

"रा... हू," अण्णा म्हणाले. रस्त्यावरून एक बस गेली. "राहू... दे. त्याला."

अध्यक्षांनी घसा साफ केला, म्हणाले, "ठीक आहे, हंगाम संपू द्या," आणि स्कूटरकडे गेले. पोस्टातले काका अण्णांच्या शेजारी बसून राहिले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, या वेळी नेहमीच्या आवाजात, "गुरुजी, खरंच वाटतं का तुम्हाला, हा काही करेल?"

अण्णांनी पंजा हलवला. काही सांगता येत नाही, अशा अर्थी.

हंगामातली शेवटची स्पर्धा सिन्नरजवळच्या एका गावात होती. आम्ही सगळे टेम्पो ट्रॅव्हलर करून गेलो. पहिला सामना मुली जिंकल्या. त्या आधी कधी जिंकल्या होत्या ते कुणाला चटकन आठवेना. उजव्या कोपऱ्यातल्या मुलीने घोटा धरून अशी पकड केली की समोरची जागची हलली नाही, आणि भाची तीन वेळा जाऊन गुण घेऊन आली. मामा मात्र तिसऱ्या वेळी मंडपाच्या मागे जाऊन उभे होते, त्यांना बघवतच नव्हतं. दुसऱ्या सामन्यात शेवटपर्यंत बरोबरी होती. भाची शेवटच्या चढाईला निघाली तेव्हा अण्णा काठीवर भार टाकून उभे राहिले.

"डावी! डावीकडे!" ते ओरडले. अख्ख्या मंडपात ऐकू गेलं. पोरीने ऐकलं, डावीकडे वळली आणि अलगद साखळीत सापडली. सामना गेला.

अण्णा मटकन खाली बसले. कोच मुलींच्या पाठी थोपटून आला तेव्हा ते त्याच्याकडे बघेनात.

"गुरुजी, मीसुद्धा डावीच म्हणणार होतो," तो म्हणाला. खरं होतं की नाही, कोण जाणे.

"चुक... लं," अण्णा म्हणाले.

"चुकलं. पण हरल्यावर पोरी रडल्या बघितलं का? पहिल्यांदा रडल्यात. आतापर्यंत हरून सेल्फी काढायच्या."

परत येताना ऊन उतरणीला लागलं होतं. मुलींनी मोबाइलवर गाणी लावली होती आणि मागच्या सीटवर चिवड्याची पिशवी फिरत होती. अण्णा खिडकीशी बसले होते, त्यांच्या शेजारी कोच. घाटातल्या वळणावर अण्णांची मान हळूहळू कलली आणि कोचच्या खांद्यावर टेकली. झोप लागली होती. कोच सावरून बसला, मग अजिबात हलला नाही. त्याचा हात अवघडला असणार, बोटं उघडमीट करत होता. मी म्हणाले, "सर, मी बसते तिथं, तुम्ही इकडे या."

"नको ताई," तो कुजबुजला. मग मागे न वळताच मुलींना म्हणाला, "आवाज कमी करा गं जरा."

मुलींनी गाणं बंद केलं.